गावातल्या जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स कसे आणावे

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेला संगणक अधिकृत मार्गाने विंडोज ११ स्वीकारणार नाही, असे धरून चालावे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत, मग ते मेळघाटातल्या आश्रमशाळेचे कार्यालय असो, हिंगणघाटजवळचे कृषी केंद्र असो की गडचिरोलीतली ग्रामपंचायत, असे संगणक अजूनही रोज सुरू होतात आणि त्यांच्यावर दाखले, पत्रे, पावत्या, ऑनलाइन अर्ज ही नेहमीची कामे होतात. यंत्र धडधाकट आहे, पण त्यावरच्या कार्यप्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या आहेत. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात आणि गावकऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती साठवलेल्या असतात, तो अशा अवस्थेत इंटरनेटला जोडून ठेवणे योग्य नाही.

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, पण तिने प्रश्न केवळ पुढे ढकलला जातो. तालुक्याच्या दुकानात अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून मिळते. मात्र अशा यंत्रांना पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ती प्रत क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याशिवाय चालवलेली असेल, तर ज्या ॲक्टिव्हेटर प्रणालीने ती चालू केली तिने आत आणखी काय सोडले आहे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून चांगल्या स्थितीतल्या जुन्या यंत्रासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली, हाच मला सर्वांत प्रामाणिक आणि टिकाऊ उपाय वाटतो. केरळच्या सरकारी शाळांत उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेले लिनक्स कित्येक वर्षांपासून शिकवले आणि वापरले जाते. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तर बॉस नावाचे भारतीय लिनक्सही तयार केले आहे. लिनक्सचे अनेक प्रकार असले, तरी पुढचे सर्व विवेचन लिनक्स मिंटला धरून केले आहे, कारण त्याची मांडणी विंडोज ७ वर हात बसलेल्या माणसाला परकी वाटत नाही आणि त्याच्या २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

आधी कामांची यादी

पहिले पाऊल संगणकाला हात न लावता उचलायचे आहे. संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि आठवडाभर त्यावर जे जे काम होईल, ते ज्याने केले त्याने स्वतःच लिहावे. कोणते संकेतस्थळ उघडले, कोणती प्रणाली वापरली, कोणते यंत्र जोडले, कोणत्या फॉन्टमध्ये पत्र टाइप केले, इतके पुरे. मुख्याध्यापकांना किंवा सचिवांना विचारून केलेली यादी अपुरी ठरते, कारण खरे काम लिपिक किंवा ऑपरेटर करतो आणि त्याच्या हाताखालून जाणाऱ्या लहानसहान गोष्टी इतरांच्या ध्यानात नसतात.

ही वही वाचायला बसल्यावर बहुतेक नोंदी ब्राउझरमधल्या कामांच्या निघतात. महाभूलेखवरचा सातबारा, महाडीबीटीवरचे अर्ज, यूडायसची माहिती, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, गूगल मीट ही सारी कामे फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होतात आणि हे दोन्ही ब्राउझर लिनक्सवर उपलब्ध आहेत. एखाद्याला दूरवरून मदत करायची तर एनीडेस्कचीही लिनक्स आवृत्ती मिळते. या नोंदींची फारशी काळजी करू नये.

काळजी उरलेल्या नोंदींची करावी. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. कृषी केंद्राचे किंवा पतसंस्थेचे सारे हिशेब त्यात असतील, तर त्या एका संगणकावर विंडोज राहू द्यावे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याचे कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपी यांचेही तसेच आहे. आधार पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांसोबत जी आरडी सर्व्हिस नावाची सहायक प्रणाली लागते, ती प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते, त्यामुळे आपले सरकार सेवा केंद्राचा मुख्य संगणक बदलण्याची घाई करू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनाबाबत विशेष सावध राहावे. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र संगणकाला वापरता यावे म्हणून लागणारी प्रणाली, उत्पादक देतात हे खरे. पण पोर्टलवर प्रत्यक्ष सही करताना मधे जी छोटी सहायक प्रणाली चालावी लागते, ती अनेकदा विंडोजसाठीच लिहिलेली असते. ग्रामपंचायतीचे देयक त्या सहीवाचून अडते, म्हणून त्या टोकनाने त्या पोर्टलवर लिनक्समधून एकदा खरी सही होऊन दिसेपर्यंत विंडोजची सोय मोडू नये.

वाइन नावाच्या साधनाने विंडोजच्या काही प्रणाली लिनक्सवर चालतात, परंतु ज्या कामावर संस्थेचे पैसे किंवा सरकारी मुदत अवलंबून आहे, ते वाइनच्या भरवशावर सोडण्याच्या मी विरुद्ध आहे. तीन संगणक असलेल्या कार्यालयाने दोन लिनक्सवर नेले आणि टॅली, टोकन व ठसायंत्र तिसऱ्याकडे दिले, तर ते स्थलांतर पूर्ण यशस्वी समजावे.

छपाईयंत्राची परीक्षा

यादीत ज्या एका वस्तूमुळे लोक लिनक्स सोडून परत जातात, ती म्हणजे प्रिंटर. म्हणून तिच्याकडे वेगळे लक्ष देणे आवश्यक आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी एचपीलिप नावाचे पॅकेज असते आणि ते मिंटमध्ये आधीच बसवलेले असते. आपल्याकडे अजूनही अनेक टेबलांवर दिसणारा लेझरजेट १०२० हा मात्र थोडा निराळा आहे. त्याच्या पोटात स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारी आतली प्रणाली, कायम राहत नाही, ते प्रत्येक वेळी प्रिंटर चालू झाल्यावर संगणकाला त्यात पाठवावे लागते, आणि त्यासाठी एचपीलिपचे एक जादा प्लगइन इंटरनेटवरून एकदा उतरवून घ्यावे लागते. हे प्लगइन नसेल, तर प्रिंटर यादीत दिसतो, छपाईची आज्ञाही स्वीकारली जाते, हिरवा दिवा जळत राहतो आणि कागद मात्र हलत नाही. असे दिसले की प्रिंटर बिघडला असे न समजता ते प्लगइन बसवावे.

कॅननचा एलबीपी २९०० हा दुसरा लोकप्रिय प्रिंटर अधिक त्रासदायक आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतो, तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या आवृत्त्यांवर तो बसवणे नवख्याच्या आवाक्यातले काम नाही. कार्यालयात हाच एकमेव प्रिंटर असेल, तर माझा सल्ला असा आहे की तो विंडोज राहणाऱ्या संगणकालाच जोडलेला ठेवावा आणि लिनक्सवरून दस्तऐवज पीडीएफ करून तिथे छापावेत. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेसाठी आणि ब्रदरच्या प्रिंटरांसाठी उत्पादकांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात. त्यांचा प्रश्न सहसा येत नाही. नवा प्रिंटर घेण्याची वेळ आली, तर दुकानदाराला लिनक्सवर चालतो का हे विचारण्यापेक्षा त्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावर आहे का, हे स्वतः पाहावे.

मराठी टाइपिंग आणि जुन्या फाइली

मराठी लिहिण्याची सोय लिनक्समध्ये उत्तम आहे, परंतु ती आपल्या सवयीच्या पद्धतीची आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी वापरणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. कीबोर्डच्या मांडण्यांत भारतीय भाषांखाली मराठीची सुधारित इन्स्क्रिप्ट निवडली की झाले. तिथेच कगप नावाची ध्वन्यात्मक मांडणीही असते. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या तरुण शिक्षकांना आयबस ही भाषा लिहिण्याची प्रणाली आणि त्यासोबतचे एम१७एन हे पॅकेज बसवून दिले, तर उच्चारानुसार लिहिण्याच्या पद्धती मिळतात.

अडचण येते ती टंकलेखनाची परीक्षा देऊन आलेल्या, रेमिंग्टन पद्धतीवर वर्षानुवर्षे बोटे बसलेल्या लिपिकाची. त्याच्यासाठी आयबसच्या हिंदी यादीत रेमिंग्टन मांडणी आहे. ती बसवून त्याला एक पूर्ण पत्र टाइप करायला लावावे आणि ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘ज्ञ’ अशी अक्षरे व जोडाक्षरे कुठल्या कळांवर येतात, हे त्याने स्वतः कागदावर टिपून घ्यावे. हा कागद पहिले काही आठवडे कीबोर्डखाली राहू द्यावा. ज्याच्या वेगावर कार्यालयाचे काम चालते, त्याला एका दिवसात इन्स्क्रिप्ट शिकायला सांगणे अन्यायाचे आहे, आणि त्याची नाराजी एकदा ओढवली की बाकी सारे सुरळीत असूनही संगणक पुन्हा विंडोजवर जातो.

जुन्या फाइलींची गोष्ट वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा निर्मलासारख्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या प्रणालीत, सरळ वाचता येतात. मात्र मंगल हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट आहे. लिनक्सवर तो नसल्यास लिब्रेऑफिस नोटो किंवा लोहितसारखा दुसरा देवनागरी फॉन्ट वापरते, अक्षरांची रुंदी बदलते आणि नेमके एका पानात बसवलेले प्रमाणपत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. यावर उपाय असा की संस्थेचे रोज लागणारे नमुने, म्हणजे बोनाफाइड, रहिवासी दाखला, सभेची नोटीस, एकदा लिब्रेऑफिसमध्ये उघडून नीट बसवून घ्यावेत, नव्या फॉन्टसह वेगळे साठवावेत आणि बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवावी. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या भागात जाऊन संयुक्त लिपींची सोय चालू करून भाषा मराठी निवडावी. हे केले नाही, तर देवनागरी मजकुराचा नेहमीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवता येत नाही.

कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइली तो फॉन्ट संगणकावर नसेल तर अगम्य इंग्रजी चिन्हांची रांग म्हणून उघडतात. फाइल बिघडलेली नसते. आपल्याकडे त्या फॉन्टचा रीतसर परवाना असल्यास तो लिनक्सवर बसवून ती वाचता व छापता येते. परंतु जो मजकूर पुन्हा पुन्हा वापरायचा आहे, तो परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणणे आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालणे हेच हिताचे आहे, कारण परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरे हमखास कुठेतरी घसरतात. एक्सेलच्या साध्या तक्त्यांची चिंता नाही. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेले तक्ते मात्र आधी तपासावेत.

वेळ, वीज आणि उतरवणे

मार्चअखेरीला पतसंस्थेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक बदलू नये, जूनमध्ये शाळेचा बदलू नये आणि पीक विम्याची मुदत जवळ आली असताना सेवा केंद्राचा तर मुळीच बदलू नये. उन्हाळ्यात काम करायचे झाल्यास ते सकाळी उरकावे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पंख्यात धूळ भरलेला जुना संगणक दीर्घ काम चालू असताना तापून आपोआप बंद पडतो. म्हणून आदल्या दिवशी यंत्र उघडून पंखा व उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या मऊ ब्रशने साफ कराव्यात. जिनिंगच्या आसपास असलेल्या कार्यालयांत तर त्या पट्ट्यांवर रुईच्या तंतूंचा थर साचलेला असतो आणि तो काढल्यावर यंत्राचा आवाजच बदलतो.

यंत्र उघडलेच आहे, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरीही बदलून टाकावी. रात्री मुख्य बटण बंद करण्याची आणि लाइन वारंवार जाण्याची आपल्याकडची परिस्थिती पाहता ही बॅटरी लवकर संपते. मग संगणक सुरू होताना तारीख कित्येक वर्षे मागची दाखवतो आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला असुरक्षित ठरवून उघडायला नकार देतो. लिनक्स टाकल्यानंतर हे दिसले, की दोष विनाकारण लिनक्सच्या माथी येतो.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे ते संगणकावर टाकण्यासाठी लागणारी एकत्रित फाइल, सुमारे ३ जीबीची आहे. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, ८ जीबी असेल तर सिनॅमन. २ जीबीवर एक्सएफसीई चालते, पण आजचे ब्राउझर इतक्या स्मृतीत सुखाने चालत नाहीत, म्हणून जुन्या डीडीआर३ रॅमची एखादी पट्टी मिळवून बसवणे बरे. यंत्र ६४ बिटचे असणे मात्र आवश्यक आहे. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या मर्यादेत ही फाइल एका दमात उतरत नाही आणि मधे नेटवर्क गेले की ब्राउझरमधले उतरवणे अनेकदा पहिल्यापासून सुरू करावे लागते. मिंटच्या संकेतस्थळावर टॉरेंटचा, म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्याचा, मार्गही दिलेला आहे. तो घेतला, तर जिथे थांबले तिथून पुढे चालू होते आणि दोन-तीन दिवसांत फाइल पुरी होते. ज्याच्याकडे ती आधीच आहे, त्याच्याकडून पेन ड्राइव्हवर आणण्यातही गैर काही नाही, कारण लिनक्स मिंट वाटून घेण्याची परवानगी आहे. फक्त ती फाइल अखंड आहे याची खात्री करावी.

ही खात्री आणि बूटेबल, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा, पेन ड्राइव्ह बनवणे ही दोन्ही कामे विंडोजवरच रुफस या मोफत प्रणालीने होतात. निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह जोडावा. त्यावरचे सर्व पुसले जाणार आहे, हे लक्षात ठेवावे. रुफसमध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या खुणेवर दाबले की एसएचए२५६ या नावापुढे आकडे-अक्षरांची लांब ओळ दिसते. मिंटच्या संकेतस्थळावरची ओळ आणि ही ओळ तंतोतंत जुळली, तरच पुढे जावे. एक अक्षरही वेगळे असल्यास फाइल पुन्हा आणावी.

न टाकता चालवून पाहणे

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची, कळ दाबायची असते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९ आणि असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बूट मेनू सुरू करावा लागू शकतो. कंपनीचे चिन्ह दिसण्याआधीपासूनच ती कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहावी. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा पडदा उघडतो आणि या टप्प्यावर हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जात नाही.

याच अवस्थेत पूर्ण एक दिवस काम करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. वायफाय, आवाज, टचपॅड, शाळा असेल तर प्रोजेक्टर, मग प्रिंटर, मग वहीतले एकेक काम, असे ओळीने तपासावे. वायफायचा ड्रायव्हर मिळत नसेल, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू करावे. ते लिनक्सला लगेच ओळखू येते आणि त्याच्या आधारे ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घेता येतो. पेन ड्राइव्हवरून चालताना वेग कमी जाणवेल. त्यावरून मत बनवू नये.

जुनी डिस्क बाजूला, नवी डिस्क आत

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते आणि ती चालतेही. परंतु भरलेल्या, जुन्या डिस्कचे विभाग पाडण्याचे काम चालू असताना लाइन गेली, तर विदा गमावण्याचा धोका खरा आहे. म्हणून ज्यांना थोडा खर्च शक्य आहे, त्यांनी २४० किंवा २५६ जीबीचा साधा साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्यावा, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवावी आणि लिनक्स कोऱ्या एसएसडीवर टाकावे. डेस्कटॉप असेल तर जुनी डिस्क काढायचीही गरज नाही. तिची केबल तेवढ्यापुरती सोडवून ठेवली की पुरते. अशा रीतीने जुने सर्व काही जसेच्या तसे राहते, बूट करणारा भागही नव्या डिस्कवरच बसतो आणि बदल पचला नाही, तर जुनी डिस्क परत लावली की संगणक पूर्ववत होतो. शिवाय जुन्या यंत्राच्या वेगात जी सुधारणा दिसते, तिचा मोठा वाटा एसएसडीचाच असतो.

हे शक्य नसेल आणि एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचे असेल, तर तीन गोष्टी आधी कराव्यात. सर्व महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि दुसऱ्या संगणकावर त्या उघडून पाहाव्यात. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला तो विभाग फक्त वाचता येतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधले डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी किंवा ते आधी काढावे.

प्रत्यक्ष टाकणे हा सर्वांत सोपा भाग आहे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असावा. इन्स्टॉलच्या चिन्हावर दोनदा दाबल्यावर भाषा विचारली जाते. मराठीही निवडता येते, पण अडचण आल्यास फोनवरून मदत करणारा माणूस इंग्रजी शब्दच सांगणार असेल, तर इंग्रजी ठेवावी आणि मराठी फक्त लिहिण्यासाठी वापरावी. गाणी-व्हिडिओ चालवण्यासाठी लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करावी. कोऱ्या एसएसडीसाठी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय घ्यावा. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असल्यास विंडोजच्या शेजारी टाकण्याचा. वेळेसाठी कोलकाता निवडावे. पासवर्ड ठरवताना कार्यालयात बदल्या होतात हे ध्यानात घेऊन तो बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवण्याची व्यवस्था करावी. एसएसडीवर हे सारे साधारण अर्ध्या तासात होते.

त्यानंतरचे दिवस

पहिल्या सुरुवातीनंतर लगेच दोन कामे करावीत. टाइमशिफ्ट उघडून प्रणालीची एक प्रत घ्यावी. पुढे एखादे अद्यतन बिघडले, तर त्या प्रतीवर परत जाता येते, परंतु टाइमशिफ्ट आपल्या फाइलींची राखण करत नाही, त्यांची वेगळी प्रत ठेवावीच लागते. मग अपडेट मॅनेजर चालवावा. पहिले अद्यतन बऱ्यापैकी मोठे असते, म्हणून ते डेटा संपत आलेल्या दिवशी सुरू करू नये.

दोन प्रणाली असलेल्या संगणकावर लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते, आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. एवढाच हा घोळ आहे. इंटरनेट जोडून वेळ आपोआप घेण्याची सोय दोन्हीकडे चालू ठेवली, तर काम अडत नाही, मात्र नेट नसताना हजेरी किंवा पावतीवरची वेळ एकदा पाहून घ्यावी.

पेन ड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस गावातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाला ठाऊक आहे. तो लिनक्सवर चालत नाही, आणि विशेष म्हणजे त्याने दडवलेले मूळ फोल्डर लिनक्समध्ये उघडपणे दिसतात. त्यामुळे बाधित पेन ड्राइव्ह तिथे लावून खऱ्या फाइली बाजूला घेता येतात आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करता येतो. तरीही संशयास्पद फाइली तशाच दुसऱ्याच्या विंडोजवर पाठवू नयेत. आपल्या यंत्राला अपाय झाला नाही, म्हणून त्याच्याही होणार नाही असे नाही.

ज्याच्या हाती संगणक द्यायचा, त्याच्याजवळ पहिले दोन-तीन दिवस बसावे आणि माउस त्याच्याच हातात ठेवावा. फाइल कुठे साठली, पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी काय करायचे, मराठी-इंग्रजी कोणत्या कळेने बदलते आणि प्रिंट थांबली तर रांगेतून कशी काढायची, या चार गोष्टी त्याने स्वतः करून दाखवल्या म्हणजे पुरे. जुन्या सी आणि डी ड्राइव्हची सवय असलेल्याला होम फोल्डरची कल्पना सुरुवातीला अवघड जाते. त्यासाठी डेस्कटॉपवर संस्थेच्या नावाचा एकच फोल्डर करून सर्व काम त्यातच ठेवावे.

कपाटात ठेवलेल्या डिस्कला निदान एक संपूर्ण आर्थिक वर्ष हात लावू नये, कारण लेखापरीक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालपत्रे ही कामे वर्षातून एकदाच येतात आणि त्या वेळी कोणती फाइल लागेल हे आधी सांगता येत नाही. लागल्यास ती यूएसबीच्या आवरणात घालून जोडावी. लिनक्स विंडोजचे विभाग वाचते. वर्षानंतर ती विकायची किंवा भंगारात द्यायची झाल्यास फक्त फाइली खोडून देऊ नये. तिच्यावर गावातल्या कितीतरी लोकांचे आधार, पासबुक आणि जातीचे दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात आणि खोडलेल्या फाइली परत काढता येतात. मिंटमधल्या डिस्क्स या साधनात ती डिस्क निवडावी, नाव आणि आकार दोनदा वाचून तीच असल्याची खात्री करावी, आणि फॉरमॅट करताना सर्व जागेवर शून्ये लिहिण्याचा, म्हणजे हळू चालणारा, पर्याय घ्यावा. ५०० जीबीच्या डिस्कला यात काही तास जातात. ते पूर्ण झाल्यावरच ती भंगारवाल्याकडे द्यावी.